पाला लावा, पण रक्तही तपासा



रानपाल्याची औषधं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असं सांगणारं पत्र वाचलं. इतकं सरसकट विधान पटत नाही. आमच्या पापडीला वाडीत काम करताना कोयता लागला, की बांधावरचा दगडी पाला तळहातावर चुरगाळून जखमेवर पिळतात. किरकोळ जखमेचं रक्त थांबतं. गंमत म्हणजे हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. तेव्हा ‘ऋषिमुनींचं ज्ञान’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र पाल्याने टळत नाही.

खरी भीती काविळीची. भातशेतीच्या साचल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही डोळे पिवळे होतात, आणि साधी कावीळ समजून भुईआवळीचा रस पीत घालवलेले दिवस मूत्रपिंडाला महागात पडतात. डोळे पिवळे दिसले, की आधी दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या.

– एक वाचक, पापडी, वसई