लोह दाण्यातले आणि ताटातले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. यावरील एक उपाय म्हणून २०१८ पासून बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोहाची अट घालण्यात आली. ती स्वागतार्हच. इक्रिसॅट व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘धनशक्ती’ बाजरीची भाकरी खाऊन महाराष्ट्रातील शाळकरी मुलांचा लोहसाठा सुधारल्याचेही आढळले आहे.

परंतु हा आकडा ताज्या दाण्याचा. घरात तो दाणा महिनोन्‌महिने साठवला जातो. बाजरीतील लोहाचा मोठा वाटा अंकुरात व कोंड्यात असतो, आणि खाप्रा भुंगेऱ्याची अळी प्रथम अंकुरच फस्त करते. वजन थोडे घटले म्हणून पोषणही थोडेच घटले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

कच्च्या विटांच्या दुहेरी भिंतीत प्लास्टिकचा कागद घालून ओलावा रोखणारी ‘पुसा कोठी’ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेच दिली. मग वाण प्रसारित करण्यापूर्वी सहा महिने साठवलेल्या दाण्यातील लोह मोजण्याची अट का नसावी? पैदासकार आणि कीटकशास्त्रज्ञ तर पुसाच्या एकाच आवारात बसतात.