बोटांना अक्षरओळख हवीच

मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, छापील पानाचा फोटो काढला की तेही वाचून दाखवले जाते; मग अंध मुलाला सहा टिंबांची लिपी शिकवण्यात वर्षे कशाला घालवायची, असा सवाल आता पालकच नव्हे, शिक्षकही करू लागले आहेत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. एनव्हीडीएसारखे मोफत स्क्रीन रीडर आल्यापासून अनेक अंध व्यक्ती नोकरीतली कामे कोणाच्या मदतीवाचून करतात. सरावलेला कान ज्या वेगाने मजकूर ऐकतो, तो वेग बोटांना साधत नाही. कादंबरी किंवा वर्तमानपत्र ऐकून संपवावे, हेही रास्तच. पण यावरून ब्रेलची गरज सरली असा निष्कर्ष काढणारे ऐकणे आणि वाचणे एकच धरतात. सगळी गफलत तिथे आहे.

मराठीपुरते पाहू. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक यंत्राच्या आवाजात क्वचितच कळतो. ‘श’ आणि ‘ष’ तर बहुधा सारखेच ऐकू येतात. भारती ब्रेलमध्ये मात्र ह्रस्व ‘इ’ला दुसरे आणि चौथे टिंब, दीर्घ ‘ई’ला तिसरे आणि पाचवे, ‘श’ला तीन टिंबे, ‘ष’ला पाच. बोटाखाली यांची गल्लत होत नाही. यावर प्रतिपक्ष म्हणेल, स्क्रीन रीडर अक्षर-अक्षर सुटे करूनही सांगतो. सांगतो खरा, पण ज्याला आधी शंका येते तोच थांबून विचारतो. ज्या मुलाने शब्द कधी अक्षरांत पाहिलेलाच नाही, त्याला शंका तरी कशी येणार? वाचणाऱ्याच्या बोटाखालून प्रत्येक अक्षर न विचारता जाते आणि शुद्धलेखन अंगवळणी पडते. गणितात तर अडचण आणखी बिकट. ‘क्ष अधिक एक भागिले दोन’ हे नुसते ऐकले, तर दोनाने एकालाच भागायचे की संपूर्ण बेरजेला? कागदावर प्रश्नच उद्भवत नाही, कारण मांडणी हाताला लागते, मागे जाऊन पुन्हा चाचपता येते. डोळस मुलाला दहावीपर्यंत केवळ ध्वनिफिती ऐकवल्या, तर त्याला कोणी साक्षर म्हणणार नाही. अंध मुलासाठी मोजपट्टी वेगळी का?

अमेरिकेत रूबी राइल्स यांनी १९९६ साली वॉशिंग्टन राज्यातील जन्मतः दृष्टिबाधित प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीपासून ब्रेलवर वाचायला शिकलेल्यांत बेकारी ४४ टक्के होती. छापील अक्षरांवरच वाचायला शिकलेल्यांत ती ७७ टक्के. नोकरी ब्रेलमुळेच मिळाली, असे यावरून सिद्ध होत नाही. घरची परिस्थिती, शाळा यांचाही वाटा असणार. शिवाय तुलना छापील अक्षरांशी होती, आवाजाशी नव्हती. तरी लहानपणी नीट वाचता येण्याचे मोल आयुष्यभर टिकते, इतके त्यातून नक्की दिसते.

ब्रेलची पुस्तके जाडजूड आणि महाग, हा आक्षेप एकेकाळी बिनतोड होता. आता त्याचे उत्तर तंत्रज्ञानानेच दिले आहे. ब्रेल डिस्प्लेवर बारीक पिना वर-खाली होऊन ओळीमागून ओळ उमटते, आणि तोच स्क्रीन रीडर एकाच वेळी आवाजही देतो. अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर सहा बोटांनी ब्रेल टाइपही करता येते. डिस्प्ले अजून सामान्य घराला परवडत नाही, हे खरे. पण मग मागणी अनुदानाची हवी, लिपी सोडण्याची नव्हे. ज्यांना अंधत्वाबरोबर बहिरेपणही आहे, त्यांच्यासाठी तर बोलणारे यंत्र मुकेच. उलट मधुमेहाने उतारवयात दृष्टी गेली, बोटांची संवेदनाही मंदावली, अशांवर ब्रेलची सक्ती करू नये. डब्यावरचे ‘हळद’ आणि ‘तिखट’ ओळखता आले तरी त्यांचे काम भागेल. माझा आग्रह आहे तो पहिलीत बसणाऱ्या मुलासाठी.

स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्याला पुढचे वाचक शाळांतूनच मिळायचे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ब्रेल जाणणारे शिक्षक प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. म्हणून पालकांना सांगणे एवढेच : जूनमध्ये मुलाचे नाव घालताना शाळेत संगणक किती हे जरूर विचारा, पण त्याआधी ब्रेल शिकवणारे शिक्षक कोण आणि आठवड्याला किती तास, हे विचारा; आणि उत्तर लेखी मागा.