भूतदया आणि गोचीड

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि सुशिक्षित समाजात त्यावरून दोन तट पडले. निर्बीजीकरण व लसटोचणी करून कुत्री मूळ जागी सोडण्याचा मार्ग न्यायालयाने २२ ऑगस्टच्या आदेशाने मान्य केला. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात हलवावीत व तेथे पुन्हा सोडू नयेत, असे फर्माविले. वाद माजला तो माणसाची सुरक्षितता श्रेष्ठ की मुक्या प्राण्याचा जीव, यावर. परंतु निवाऱ्यात गेलेल्या कुत्र्याचे पुढे होते काय, हे फारसे कोणी विचारले नाही. आमच्या मते भूतदयेची खरी कसोटी तेथेच आहे.

कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतींच्या भेगांत कात टाकतो. मादी हजारो अंडी घालते. वाढ झालेला गोचीड कित्येक महिने उपाशी राहूनही नव्या भक्ष्याची वाट पाहू शकतो. अशा वास्तूत कुत्री दाटीवाटीने कोंडली, तर आश्रयस्थान हेच रोगाचे आगर व्हावे यात नवल नाही. या गोचिडामुळे पसरणारा एर्लिकियाचा रोग रक्त गोठविणाऱ्या पेशी घटवितो. ताप येतो, अन्न सुटते, नाकातून रक्त वाहते. बॅबेसियाचे जंतू तांबड्या पेशींचा नाश करतात, आणि त्यांवरील औषध निराळे असते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याची शिकविलेली शेकडो कुत्री एर्लिकियानेच दगावली. पदरी पशुवैद्य असलेल्या सैन्याची जेथे ही गत, तेथे वर्गणीवर चालणाऱ्या निवाऱ्याची काय कथा?

याहून घातक गोष्ट अशी की, हा रोग महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, शरीरात दडून राहतो. धडधाकट दिसणारे कुत्रे एखादे कुटुंब हौसेने घरी नेते. काही महिन्यांनी ते अंथरूण धरते. औषधोपचाराचा खर्च अंगावर येतो, आपली फसवणूक झाली असे वाटू लागते, आणि बिचारे जनावर पुन्हा निवाऱ्यात वा रस्त्यावर येते. अशा एका अनुभवाने दहा घरांची दारे बंद होतात.

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुराचे उदाहरण घ्या. देवस्थानच्या गावी कुत्र्याला घासाची वाण पडत नाही. वाण आहे ती व्यवस्थेची. इंदापूर-बारामतीच्या ऊस-दुधाच्या पट्ट्यात गाईंचा गोचीड ताप शेतकऱ्याला ठाऊक आहे. गाईवर औषध फवारले आणि गोठ्याच्या भेगा तशाच ठेवल्या, तर श्रम वाया जातात, हेही तो जाणतो. गाईचा गोचीड वेगळा असला तरी हा धडा कुत्र्यालाही लागू पडतो. तथापि ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना दुभत्या जनावरांभोवती झाली आहे. ते स्वाभाविकही आहे, कारण त्यांवर संसार चालतात. परंतु २०२३ च्या नियमांनी श्वान-नियंत्रणाचा भार पंचायतींवरही टाकला असता, त्यासाठी लागणारा पैसा व मनुष्यबळ त्यांनी आणावे कोठून?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निवाऱ्यात येणारे प्रत्येक कुत्रे आरंभीचे तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे; त्याच्या अंगाबरोबर भिंती व फरशीही गोचीडमुक्त करावी; रक्ताची तपासणी करावी आणि एर्लिकिया आढळल्यास डॉक्सिसायक्लीनचा २८ दिवसांचा उपचार पुरा करावा. नव्या पालकाच्या हाती रोग व उपचार यांची लेखी नोंद द्यावी. तालुक्यातून आलेले नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासण्याची सोय शासनाने करावी आणि खर्चाचा वाटा जिल्हा परिषदेने उचलावा. हे केवळ श्वानप्रेमींचे लाड नव्हेत, कारण हाच गोचीड माणसालाही टिक टायफसचा ताप देऊ शकतो.

नरसिंहपुराहून भीमा पुढे पंढरपुराला जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा तेथे आजही भक्तिभावाने सांगितली जाते. ती ऐकून डोळे पाणावणाऱ्या समाजाने निवाऱ्यातील कुत्र्यासाठी रक्ततपासणीची तरतूद करू नये, हे त्या कथेला शोभणारे नाही.