हात कोणी उचलायचा?

आज २६ जुलै, कारगिल विजय दिन. १९९९च्या लढाईत कामी आलेल्या ५२७ जवानांना द्रासच्या स्मारकापाशी, तोलोलिंगच्या पायथ्याला, मानवंदना दिली जाईल. पुण्यात दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातील आणि तालुक्याच्या गावच्या चौकातही हार-फुले येतील. अशा वेळी एक साधा प्रश्न हमखास सुटून जातो: सॅल्यूट नेमका कोणी करायचा आणि कधी?

लष्कराने याचे उत्तर फार काटेकोर ठेवले आहे. पुष्पचक्र वाहणारा अधिकारी ते स्मारकाशी ठेवतो, एक पाऊल मागे येतो, सावधान होतो आणि मगच त्याचा हात कपाळाशी जातो. ‘शोक शस्त्र’चा हुकूम सुटला की गार्डमधले जवान रायफलीची नळी खाली करतात, दस्त्यावर हात ठेवून मान झुकवतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजू लागते, तेव्हा पथकाबाहेर उभे असलेले गणवेशातले अधिकारी सॅल्यूट करतात. नंतरच्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेत हात खाली असतात. पथकात उभा असलेला जवान स्वतंत्रपणे सॅल्यूट करत नाही. सगळ्यांच्या वतीने तो पथकाचा कमांडर करतो.

हाताची ठेवणही ज्याच्या त्याच्या दलाची असते. लष्कराचा तळवा समोर उघडा, नौदलाचा जमिनीकडे झुकलेला. हवाई दलाने २००६मध्ये स्वतःची पद्धत ठरवली, तळवा जमिनीशी ४५ अंशांत. तिन्ही दलांत एक गोष्ट मात्र समान: डोक्यावर टोपी, बेरे किंवा पगडी नसेल तर हाताने सॅल्यूट नाही, नुसते सावधान. ध्वजसंहिताही हाच भेद पाळते. ध्वज चढवताना किंवा उतरवताना सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे आणि गणवेशात असलेल्यांनी यथोचित सलामी द्यायची. सलामी स्वीकारणाऱ्या मान्यवराला तेवढी टोपीची सक्ती नाही.

आता आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम आठवून पाहा. खांद्यावर शाल, एका हातात मोबाइल आणि दुसरा हात कपाळाला. व्यासपीठावरच्या पाहुण्याने केले म्हणून शेजारच्याने, शेजारच्याने केले म्हणून शाळेतल्या पोरांनी. फोटोग्राफरला कोन जमला नाही तर पुन्हा एकदा. कोणाच्या मनात खोट असते असे नाही; उलट भावना उचंबळून आलेली असते. पण सॅल्यूट ही भावना दाखवायची खूण नव्हे. तो करणाऱ्याने शपथ घेतलेली असते, हुकूम आला तर जीव देण्याची तयारी ठेवलेली असते. स्मारकावर नाव कोरलेल्या जवानानेही तीच शपथ घेतली होती. म्हणून त्या दोघांमधली ती गोष्ट आहे. आपण ती उसनी घेतली की आपली श्रद्धा वाढत नाही, त्या हाताचे वजन तेवढे कमी होते.

मग नागरिकाने काय करायचे? सावधान उभे राहायचे. हे दुय्यम काम नाही. दोन मिनिटे हात सरळ, नजर समोर, फोन खिशात, शेजाऱ्याशी कुजबुज नाही; करून पाहिले की कळते किती अवघड आहे ते. गणवेशातल्या एनसीसी कॅडेटला मात्र सॅल्यूटचा मान आहे, आणि तो त्याला नीट शिकवला गेला पाहिजे.

शिकवणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. गावात त्यांचे स्मारक आहे. अशी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी गावे महाराष्ट्रात अनेक आहेत, आणि निवृत्त सुभेदार-हवालदार तर जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतात. आपण त्यांना व्यासपीठावर बसवून नारळ आणि शाल देतो. त्याऐवजी कार्यक्रमाआधी पाच मिनिटे माइक त्यांच्या हाती द्यावा. कधी उभे राहायचे, कधी गप्प राहायचे, हात कोणी उचलायचा हे ते चार वाक्यांत सांगतील. आयोजकांनी आजच्या कार्यक्रमपत्रिकेतले एखादे भाषण कमी करून तेवढी जागा करावी.