बंगळुरूची कोंडी : आवाहन पुष्कळ झाले, आता रस्त्यात वाटा हवा

खासगी वाहन घरी ठेवा व बसने किंवा मेट्रोने प्रवास करा, असे आवाहन देशातील बहुतेक मोठ्या शहरांतील नागरिकांना वारंवार केले जाते. बंगळुरूच्या नागरिकांनी ते कदाचित सर्वाधिक वेळा ऐकले असेल. तरीही या शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांतील सुमारे दोनतृतीयांश दुचाकी आहेत. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरूचा क्रमांक जगातील सर्वाधिक संथ शहरांत तिसरा होता. दहा किलोमीटर अंतर कापण्यास तेथे सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत होती. त्याच यादीत पुणे चौथ्या क्रमांकावर होते, ही बाब मराठी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

नागरिक आवाहनाला प्रतिसाद देत नाहीत याचा दोष बहुधा त्यांच्या मानसिकतेला दिला जातो. गेल्या वीस वर्षांत बंगळुरूने केलेले प्रयोग पाहिल्यास मात्र हे निदान अपुरे ठरते.

पसरलेले शहर, तोकडी बससेवा

२००१ च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६५ लाख होती. २०११ मध्ये ती ९६ लाखांवर पोहोचली. २००७ मध्ये आसपासच्या नगरपालिका व गावे सामावून बृहत् महानगरपालिका स्थापन झाली आणि शहराचे क्षेत्र ७०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. माहिती तंत्रज्ञान उद्योग दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटी, पूर्वेस व्हाइटफील्ड आणि बाह्य वळणरस्ता अशा ठिकाणी विखुरला, तर घरे जिथे जमीन स्वस्त मिळाली तिथे उभी राहिली. घर एका टोकाला व कचेरी दुसऱ्या टोकाला, ही या शहराची सामान्य स्थिती झाली.

या विस्ताराच्या मानाने सार्वजनिक वाहतूक वाढली नाही. बंगळुरू महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच बीएमटीसी, १९९७ मध्ये राज्य परिवहन महामंडळापासून वेगळे करण्यात आले. त्याच्या बसगाड्यांची संख्या दशकाहून अधिक काळ साडेसहा हजारांच्या आसपास घुटमळत राहिली. याच कालावधीत शहरातील वाहने ५० लाखांवरून दुपटीहून अधिक झाली. बस तेवढ्याच व वाहने दुप्पट, याचा परिणाम उघड होता. बस गर्दीत अडकू लागली, तिच्या फेऱ्या घटल्या, थांब्यावरील प्रतीक्षा वाढली आणि ज्याला शक्य होते त्याने दुचाकी घेतली. त्या दुचाकीने गर्दीत आणखी भर घातली.

चार प्रयोग, चार धडे

पहिला प्रयोग सुखसोयींचा होता. २००६ च्या सुमारास बीएमटीसीने 'वज्र' या नावाने वातानुकूलित व्होल्वो बस सुरू केल्या. देशातील शहरी वाहतुकीत अशा बस आणणाऱ्या पहिल्या संस्थांत तिची गणना होते. २००८ मध्ये देवनहळ्ळी येथील नवा विमानतळ सुरू झाल्यावर 'वायू वज्र' ही सेवा आली व ती लोकप्रिय ठरली. बस चांगली व वेळेवर असेल तर मोटार परवडणारा प्रवासीही तीत बसतो, हे यातून सिद्ध झाले. पण आरामदायी बसही त्याच कोंडीत उभी राहते, हेही दिसून आले.

दुसरा प्रयोग आवाहनाचा. फेब्रुवारी २०१० पासून दर महिन्याची ४ तारीख 'बस डे' म्हणून पाळण्याचा उपक्रम बीएमटीसीने हाती घेतला. पुण्यातही 'सकाळ'च्या पुढाकाराने १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'बस डे' झाला व त्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक बस रस्त्यावर आल्या. अशा उपक्रमांतून पुरेशा बस असल्यास शहर कसे दिसेल याची झलक मिळते. परंतु दुसऱ्या दिवशी त्या बस नसतील, तर प्रवासी जुन्या सवयीकडे परततो. यात त्याचा दोष नाही.

तिसरा प्रयोग वेगाचा होता व तो सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये बाह्य वळणरस्त्यावर सिल्क बोर्ड ते टिन फॅक्टरी या सुमारे १७ किलोमीटरच्या पट्ट्यात बससाठी राखीव मार्गिका आखण्यात आली. त्यासाठी ना पूल बांधावा लागला, ना भूसंपादन करावे लागले. रस्त्यावर खांब रोवून बसची वाट वेगळी करण्यात आली, इतकेच. पुढे मेट्रोच्या निळ्या मार्गिकेचे काम सुरू झाले आणि ही राखीव मार्गिका गेली. ज्या वर्षांत रस्ता अधिक अरुंद होणार होता, त्याच वर्षांत बसला प्राधान्याची खरी गरज होती. पुण्यातील बीआरटी मार्गांचा इतिहासही याहून फारसा निराळा नाही. २००६ मध्ये देशात सर्वप्रथम आखलेल्या या मार्गांपैकी काही भाग कालांतराने काढून टाकण्यात आले.

चौथा प्रयोग तिकिटाच्या दराचा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. घरकाम करणाऱ्या, कारखान्यात किंवा दुकानात राबणाऱ्या स्त्रियांच्या हाती यामुळे दरमहा काही रक्कम उरू लागली. या योजनेच्या आर्थिक भाराविषयी मतभेद आहेत. मात्र प्रवासखर्च कमी झाला की बसमध्ये गर्दी वाढते, यावर दुमत होण्याचे कारण नाही.

मेट्रोचे दर आणि दुचाकीचे गणित

याच्या नेमका उलट अनुभव मेट्रोने दिला. 'नम्म मेट्रो', म्हणजे आपली मेट्रो, २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या छोट्या टप्प्यावर सुरू झाली. ४२ किलोमीटरचा पहिला टप्पा जून २०१७ मध्ये पूर्ण झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंतची जांभळी मार्गिका सलग झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रला जाणारी १९ किलोमीटरची पिवळी मार्गिका खुली होताच एकूण लांबी ९६ किलोमीटरच्या घरात पोहोचली. पिवळी मार्गिका सुरू झाल्यावर एका दिवसाची प्रवासीसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली. गाड्या मात्र प्रारंभी तीनच होत्या व दोन गाड्यांमधील अंतर २५ मिनिटांचे होते.

त्यापूर्वी ९ फेब्रुवारी २०२५ रोजी मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये करण्यात आले. पाठोपाठ प्रवासी घटले, टीका झाली आणि काही टप्प्यांवरील वाढ कमी करावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत बसभाडेही १५ टक्क्यांनी वाढले होते. लिटरमागे ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला ३० किलोमीटरच्या प्रवासासाठी साधारण साठ-पासष्ट रुपयांचे पेट्रोल लागते. त्याहून थोड्या लांबच्या मेट्रो प्रवासास ९० रुपये, शिवाय घर ते स्थानक रिक्षाचे पैसे वेगळे. दुचाकी दारात उभीच असते आणि तिचा हप्ता चालूच असतो. हे गणित मांडणारा प्रवासी अविचारी म्हणता येत नाही. मेट्रोचा संचालनखर्च व कर्जफेड भाड्यातून भागली पाहिजे, हा युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीने योग्य असेलही. परंतु एक प्रवासी दुचाकीकडे वळला की कोंडी, प्रदूषण व अपघात यांची किंमत सारे शहर मोजते. मेट्रोच्या ताळेबंदात ती दिसत नाही.

पैसा कोठे जातो ?

शहराचा अग्रक्रम त्याच्या खर्चावरून कळतो. उपनगरी रेल्वेच्या १४८ किलोमीटरच्या चार मार्गिकांना केंद्राने २०२० मध्ये मंजुरी दिली. अंदाजे खर्च १५,७६७ कोटी रुपये होता. २० जून २०२२ रोजी पायाभरणी झाली, ४० महिन्यांची मुदत सांगण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उलटली, तेव्हा एकाही मार्गिकेवर गाडी धावली नव्हती. दुसरीकडे हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याचा प्रस्ताव राज्य सरकारने पुढे रेटला, ज्याचा अंदाजित खर्च १७,००० कोटींहून अधिक आहे. म्हणजे मोटारींसाठीच्या एका भुयारावर संपूर्ण उपनगरी रेल्वेच्या मंजूर खर्चापेक्षा जास्त रक्कम लागेल. २०१० मध्ये सिल्क बोर्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत उड्डाणमार्ग बांधूनही सिल्क बोर्डचा चौक कोंडीसाठीच ओळखला जात राहिला, हा अनुभव जुना नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी विप्रोच्या सर्जापूर रस्त्यावरील आवारातून मर्यादित वाहने जाऊ द्यावीत, अशी विनंती अझीम प्रेमजी यांना पत्राद्वारे केली. ती नम्रपणे नाकारली गेली. वाहनांना आणखी एक वाट शोधण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. पण असलेल्या वाटेवरून अधिक माणसे कशी नेता येतील, हा प्रश्न तितक्याच तातडीने विचारला गेला नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाच हा होता की, रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी व्हावे. तीन मोटारींइतकी जागा घेणारी बस पन्नास-साठ जणांना नेते, तर त्या तीन मोटारींत बहुधा तीन-चार माणसे असतात.

आधी बस, मग आकार

गर्दीच्या भागात खासगी वाहनांवर शुल्क आकारावे, अशी सूचना अनेकदा पुढे येते. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये असे शुल्क लागू केले. यांत स्टॉकहोमचा क्रम अभ्यासण्याजोगा आहे. तेथे २००५ मध्ये प्रथम जादा बस आणण्यात आल्या, जानेवारी २००६ मध्ये सात महिन्यांपुरते शुल्क आकारले गेले, मग नागरिकांचे मत घेण्यात आले व २००७ मध्ये ते कायम झाले. शुल्काच्या हद्दीतील वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. पर्याय आधी, दंड नंतर, हा तो क्रम. बंगळुरूत हा क्रम उलटा झाल्यास बोजा त्यांच्यावरच पडेल, ज्यांच्या वस्तीपर्यंत बस पोहोचतच नाही.

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ मध्ये बंगळुरूच्या वाट्याला ४,५०० विद्युत बस आल्या. महानगर भू-वाहतूक प्राधिकरणाचा कायदा २०२२ च्या अखेरीस विधिमंडळाने संमत केला. बस, मेट्रो, रेल्वे, पदपथ व वाहनतळ यांचा एकत्र विचार करणारी यंत्रणा त्यातून उभी राहणे अपेक्षित आहे. मात्र नव्या बस जुन्याच कोंडीत सोडल्या, तर त्यांचा निम्मा लाभ वाया जाईल. त्यांच्यासोबत राखीव मार्गिका, स्थानकापर्यंत छोट्या बस, चालण्याजोगे पदपथ आणि दुचाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी राहणारे भाडे हवे. यांपैकी बहुतेक गोष्टींना भुयाराइतका पैसा लागत नाही. लागते ती मोटारीकडून रस्त्याचा काही हिस्सा काढून बसला देण्याची राजकीय तयारी.

पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी महाराष्ट्रातील शहरे याच वाटेवर काही वर्षे मागे आहेत. बंगळुरूने उशिरा मोजलेली किंमत त्यांना आज दिसत आहे. बसची संख्या व बसची वाट शहर पसरण्याआधीच निश्चित केली, तर नागरिकांना आवाहन करण्याची वेळ फारशी येणार नाही.