पडद्यावरची करुणा आणि मुकी मातृत्वे

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लेकराचे मनगट घट्ट धरून चालणारी आई पाहिली की कोल्हापूरचे बालहत्याकांड आठवते. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी अशाच गर्दीतून मुले पळविली. चोरी करताना ढाल म्हणून मूल वापरायचे आणि ते अडचणीचे ठरताच संपवायचे, ही त्यांची रीत!

गुन्हेगार स्त्रीच्या मनाचा शोध घेण्यास कलेला मज्जाव नाही. २००३ च्या 'मॉन्स्टर'ने अमेरिकेतील आयलीन वुर्नोस या खुनी स्त्रीचे होरपळलेले आयुष्य व प्रेम मांडले. तिची भूमिका करणारी अभिनेत्री ऑस्करची मानकरी ठरली. गावित प्रकरणावर २०१९ मध्ये 'पोशम पा' हा हिंदी चित्रपट आला. दुःख हे गुन्ह्याचे कारण असू शकेल. समर्थन मात्र नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केलेली दोघी बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यास जवळपास आठ वर्षे लागली होती. दिरंगाई शासनाची, वेदना मात्र त्या मातांची!

मारेकरणींच्या नावांवर चित्रपट निघतात. मारल्या गेलेल्या मुलांची नावे कितीजणांना आठवतात? कलेने करुणा जरूर दाखवावी. पण तिचा पहिला घास रित्या पाळण्याशेजारी बसलेल्या आईचा आहे, याचे भान सुटू नये.