कामावर असलेल्यांची धास्ती

बेकारीचा विचार आपण बहुधा बेकारांच्या संख्येवरून करतो. ज्याला काम नाही त्याची मोजदाद होते. परंतु आजचे काम उद्या राहील की नाही या धास्तीत जो जगतो, त्याची नोंद कोठेच होत नाही. मालकवर्गाला मात्र या धास्तीचे मोल पक्के ठाऊक आहे. पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेकी यांनी 1943 सालच्या एका निबंधात हेच मांडले होते. सर्वांना काम मिळाले तर नफा कदाचित वाढेलही. तरीही कारखानदार पूर्ण रोजगाराला विरोध करतील, कारण मग कामावरून काढण्याच्या धमकीत दम उरणार नाही.

गिरणगावाला हे कोणी शिकवावे लागले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार पाळीच्या वेळी दारावर उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेली माणसे होती. अशा माणसाच्या पैशाला वाटा ठरलेल्या असत: आधी खानावळ, मग वाण्याची वही, उरले तर गावची मनीऑर्डर. वरच्याशी तंडण्याची त्याची प्राज्ञा नसे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती, हे आज पुष्कळांच्या स्मरणात नाही.

गिरण्या गेल्या, बदली गेला नाही. चाकण, भोसरी, वाळूज येथे तो सात महिन्यांच्या बोलीवर आला. औद्योगिक विवाद कायद्यानुसार 240 दिवस भरले की सलग सेवेचा हक्क उभा राही, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’. पुढे कंत्राटदार मध्ये आला आणि मालक कोण, हेच धूसर झाले. प्रेसवर बसलेल्या या मुलाला सुरक्षेचा सेन्सर बंद असल्याचे दिसते, पण तो बोलत नाही. बोट चेचले तर खाजगी दवाखान्यात पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजर होतो. अपघाताची नोंद झाली तर पुढच्या खेपेस आपले नाव गळेल, हे त्याला कळते.

घरी हीच धास्ती हिशेबाला बसते. दुखरी दाढ लवंगेवर भागते. मुलीचे पुढचे शिक्षण ‘पुढल्या वर्षी पाहू’ यावर जाते. भिशीचा हप्ता तेवढा चुकत नाही. आपले काही सुशिक्षित मित्र म्हणतात, याच्या हाती मोबाइल तर असतोच! असतो, ‘उद्या येऊ नको’ हा कंत्राटदाराचा निरोप त्यावरच येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेशही त्याला नेहमी ऐकवला जातो. पण अंथरूणच रात्रीतून कोणी ओढून नेणार असेल, तर माणूस पाय पोटाशी घेऊनच निजणार.

एका घराने हात आखडला तर ती काटकसर. लाखो घरांनी आखडला तर दुकानातला माल पडून राहतो, कारखान्यातील पाळी बंद होते आणि ज्या संकटासाठी पैसे राखले तेच दारात येते. केन्सने 1936 साली हा पेच उलगडून दाखवला. तरीही मालकांच्या संघटना एकाच दमात मागणी मंदावल्याची तक्रार करतात आणि कामगार काढण्याची मोकळीकही मागतात!

ती मोकळीक त्यांना मिळालीही आहे. 1976 साली, कामगारकपात किंवा कारखानाबंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन 300 वा अधिक कामगारांच्या कारखान्यांवर आले. 1982 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 100 वर आणली व ती 1984 पासून अमलात आली. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि मर्यादा पुन्हा 300 वर गेली. ठराविक मुदतीच्या नेमणुकीलाही आता राजमान्यता आहे. तीत वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे, ती चांगलीच. पण मुदत संपल्यावर पुन्हा घ्यावे की नाही, हे मालकाच्याच मर्जीवर.

सरकारवर टीका करताना आपल्या घरातलेही पाहावे लागेल. किती युनियनच्या सभासद-यादीत कंत्राटी कामगारांची नावे आहेत? कायम कामगारांच्या पगारवाढीचा करार होतो, पेढे वाटले जातात आणि त्याच करारात कंत्राटी भरतीवर मौन असते. आपली गेटसभा चालू असते तेव्हा पाळी सुटून बाहेर पडणारी पोरे मान खाली घालून, कंत्राटदाराचा माणूस पाहत नाही ना याचा अंदाज घेत, झपाट्याने निघून जातात. त्यांच्या खोल्यांवर, रात्री, पत्रकाविना जाण्याचे काम कोणत्या तालुका समितीने अंगावर घेतले आहे, हे पुढील बैठकीत विचारावयास हवे.